कौशल्याच्या नावचा घास

मास्तरांनी माझी पाटी तळहाताने पुसली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पुसायला फडकं होतं. ओलं करून, घडी घालून माझ्या मांडीशीच ठेवलेलं. आणि पुसण्याआधी चूक सांगायची असते, आमच्या घरात तसा नेमच होता. मास्तर म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायचं नाही म्हणून मी त्यांना मास्तर म्हणते, आणि अमरावतीत खोलापुरी गेटाजवळच्या एका शाळेत ते खरोखरच इंग्रजी शिकवत. चूक दिसली की त्यांना राहवत नसे. भाकर करपली तर गप्प खातील, पण 'हॅव'च्या जागी मी 'हॅज' म्हटलं की घास ताटात ठेवून बोट वर करतील. असा माणूस माझं वाक्य वाचतो, बरोबर म्हणत नाही, चूक म्हणत नाही, हाताने पुसून टाकतो आणि वर म्हणतो, "आज एवढं पुरे." का पुरे? ऊन अजून अंगणातून हललं नव्हतं. सासूबाई पलीकडच्या खोलीत वाती वळत बसल्या होत्या. मी लिहिलं काय होतं? 'कौशल्या हॅज डाइड ऑफ फीवर.' एवढंच. मास्तरांचा हात पांढरा झाला होता आणि तो पांढरा हात ते धोतराला न पुसता तसाच अधांतरी धरून उठले, जणू काही त्याला विंचू चावला आहे.

कौशल्या माझी सवत. अकोल्याची, मोर्णेकाठी भाजीचा मळा असलेल्या घरातली लेक. माझ्या लग्नाआधी माहेरी गेली, तापली आणि तिथेच मेली, असं मला सांगितलेलं. आमच्यात बिजवराला मुलगी देताना बाप दुसरं काही विचारो न विचारो, एक गोष्ट विचारतो, टाक केला का? माझ्याही बापाने विचारली. खुशालराव त्यांचं नाव, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला वांगी-मिरच्या पिकवायचे, बोलायला एकदम रोखठोक. "पहिलीचा टाक केल्याबिगर पोरगी पाठवत नाई, सांगून ठेवतो," म्हणाले. टाक म्हणजे चांदीचा पत्रा, रुपयापेक्षा लहान, त्यावर ठोकून उठवलेली बाई. नाक नाही, डोळे नाहीत. तो काळ्या पोतीत ओवून नव्या नवरीच्या गळ्यात घालतात, म्हणजे मेलेली सवत त्यात राहते आणि नवीच्या वाटेला जात नाही. नवं लुगडं आणलं की आधी त्याला लावायचं, मग नेसायचं. जेवायला बसलं की पहिला घास त्याला दाखवायचा. मी आले तेव्हा पोर होते, मला तो पत्रा गार लागायचा, मानेवरून सरकून छातीवर आला की अंगावर शहारा यायचा. नंतर तो माझ्याच अंगाच्या उबेने गरम राहू लागला, आणि आमची बोलाचाली सुरू झाली.

खरंच सांगते, बोलाचाली. परक्या घरात बोलायला होतं कोण? सासूबाई बोलत त्या कामापुरतं, मास्तर बोलत ते चुकांपुरतं. मी चुलीपुढे बसून कौशल्याशी बोले. काय व कौशल्या, तुले बी ही म्हातारी असंच मीठ मोजून देत होती का? तुले बी हे पोट्टं समजून शिकवत होते का? ती काही बोलत नसे, पण ऐकत असे. ऐकणाऱ्या माणसाची एक ऊब असते, ती मला लागायची. माहेरच्या मैत्रिणी सुटल्या, त्यांच्या जागी ही एक मिळाली. मग सहदेव झाला. माझा पहिला. रांगायला लागला होता, उंबऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून मागे वळून मला हसायचा. त्याला ताप भरला. सासूबाई म्हणाल्या, पहिलीची नजर पडली, टाकाले उपास घडला असंल. मी म्हटलं, नाई आत्याबाई, एक घास चुकवला नाई. तरी त्यांनी टाकाला दही-भात केला, नवी चोळी केली, लिंबू उतरवलं. मी गळ्यातल्या त्या पत्र्यापुढे कपाळ घासलं, अवं कौशल्या, तू त माही मैतरीण ना, माहं लेकरू सोड. पोरगं कोळशासारखं तापलेलं आणि आम्ही पत्र्याला दही-भात भरवतोय. मास्तर दारात उभे होते. आत येत, बाहेर जात. डॉक्टर आला तेव्हा सहदेवाच्या मुठी वळल्या होत्या, आणि डॉक्टर आमच्याकडे बघून एवढंच म्हणाला की आता कशाला बोलावलंत.

त्यानंतरही मी घास दाखवत राहिले. घाबरून. आता तर जास्तच, कारण पुन्हा दिवस गेले होते. रोज पहिला घास वर धरला की मनात म्हणे, हे तरी सोडशील ना बाई? मैत्रीण होती ती धनीण झाली होती. आणि ह्याच दिवसांत मास्तरांनी इंग्रजीचा धडा हॅव-हॅजवर आणलेला.

इंग्रजी का शिकवत होते, हाही एक संशयच. म्हणत, मुलींच्या शाळेला मास्तरीण हवी आहे, तू होशील. नवरा उठून बायकोला तिच्या पायावर उभं करायला निघाला की बायकोने समजावं, तो स्वतः कुठे तरी निघालेला आहे. मला वाटायचं, अकोल्यात ह्यांचं काही तरी आहे. अकोल्याचं नाव निघालं की ह्यांचा चेहरा दाराला कडी घातल्यासारखा होई. परीक्षेच्या कामाला अकोल्याला जायला बाकीचे मास्तर धडपडत, हे पोट दुखतं म्हणून घरी राहत. पण पोट दुखत नसे, मी वाढलेलं सगळं जेवत. असो. तर हॅव. मास्तरांनी समजावलं की जे होऊन गेलं, पण ज्याचं काही तरी अजून आपल्यापाशी आहे, त्याला हॅव लागतं. "आय हॅव लॉस्ट माय की. किल्ली हरवली, आणि अजून हरवलेलीच आहे. म्हणून हॅव." सापडली तर? "मग हॅव जातं." आणि काल हरवली म्हटलं तर? "मग नुसतं लॉस्ट. दिवस सांगितला की ती गोष्ट त्या दिवसापाशी राहते, आपल्यापाशी येत नाही." ते मास्तर म्हणून बोलत होते, पण मला हे फार खोल लागलं. मी दिवसभर मनात वाक्यं करत हिंडले. आय हॅव कुक्ड. आय हॅव क्राइड. भांडी घासताना, पाणी शेंदताना. सहदेव गेला त्याला मला दिवस सांगता येत होता, वार सांगता येत होता, तरी तो त्या दिवसापाशी राहिला नव्हता. तो तर उंबऱ्यापाशी बसून होता. मला वाटलं, साहेबाच्या भाषेत निदान माझ्यासारख्या बाईसाठी एक कप्पा केलेला आहे. आणि मग साहजिकच मी कौशल्याचं वाक्य लिहिलं. तिचं काही तरी अजून आपल्यापाशी होतं ना, माझ्या गळ्यातच होतं. आणि मास्तरांनी ते हाताने पुसलं.

मनाला एकदा वाळवी लागली की ते काय काय पोखरतं! मी आठवत बसले. पितृपक्षात नवमीला नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. माझ्या माहेरी माझ्या चुलतीची घालत. इथे कौशल्याच्या नावाने पान वाढलेलं मी कधी पाहिलं नाही. विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्यात नसते करत." आपल्यात कशी नसते? तुमी माळी, आमी माळी. टाकाला रोज घास, आणि नवमीला पान नाही? दुसरं, अकोल्याहून तिच्या माहेरचं कोणी कधी आलं नाही. मेलेल्या लेकीच्या सासरी आईबाप येतात, रडतात, नव्या सुनेला लेक म्हणतात, आमच्यात ती पद्धतच आहे. तिसरं तर मला पाणी शेंदता शेंदता आठवलं आणि बादली हातातून सुटली. दारावर भिक्षेला महानुभाव पंथाच्या, काळी वस्त्रं नेसलेल्या संन्यासिणी येत, रिद्धपूरकडच्या. इतरांना पसाभर देणाऱ्या सासूबाई त्यांना सूप भरून देत आणि मला म्हणत, तू आत राय. दार लगेच लावून घेत. एवढी भक्ती? ह्या बाईची? मीठ मोजून देणारीची?

पहिल्यांदा वाटलं, कौशल्याला ह्यांनीच मारलं असावं. हो, वाटलं, खोटं कशाला बोलू. मास्तर समोर बसून भाताचं शीत शीत वेचून खात होते आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, ही बोटं कोणाला विहिरीत ढकलू शकतील का. नाही, म्हटलं, ही खडूची बोटं. मग वाटलं, सासूबाईंनी. त्यांचे हात मात्र मजबूत होते. विचारावं तर कोणाला? मराठीत विचारलं की मास्तर पोथी वाचल्यासारखे गुळगुळीत बोलत, आणि पलीकडून सासूबाईंची वात वळणारी बोटं थांबत, मला ते न बघता कळे. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजी सासूबाईंना येत नाही. आणि इंग्रजीत मास्तर माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. बोलले नसतील असं नाही, पण पाटीपुढे बसलं की त्यांचा चेहरा वेगळा होई, देवळात गेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी घेऊन बसले. लिहिलं नाही. तोंडाने विचारलं, हळू, धडा म्हणतात तशा आवाजात, "हॅज कौशल्या डाइड?"

मास्तरांनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. घाम फुटला होता त्यांच्या ओठावर, मिशी नसती तर थेंब पडला असता.

"नो," म्हणाले.

मी गळ्याशी हात नेला. टाक हाताला लागला, गरम. पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "काय व, झाला का धडा?" मास्तर म्हणाले, "होतोय आई." मी विचारलं, "व्हेअर?" तर म्हणाले, "रिद्धपूर."  आनंद व्हायला हवा होता, नाही का? जिची भीती घेऊन मी जगत होते ती मेलेलीच नव्हती, तिची नजर नव्हती, तिचा राग नव्हता. पण मला आनंद झाला नाही. मला पहिल्यांदा आठवला तो दही-भात.

अंबादेवीच्या दर्शनाला जाऊन येतो, असं सासूबाईंना सांगून मास्तर मला बाहेर घेऊन गेले आणि वाटेत सगळं बोलले, मराठीत, खाली बघून. कौशल्या मेली नव्हती. तिने संन्यास घेतला होता. लग्नानंतर काही वर्षांनी एका बाईसोबत रिद्धपूरला गेली आणि परत आलीच नाही. हे आणायला गेले तर म्हणाली, माझं इथलं संपलं. सासूबाईंना लाज वाटली. सून पळाली म्हटलं तर लोक विचारणार, तुमच्या घरात तिला काय कमी होतं. मेली म्हटलं तर कोणी काही विचारत नाही. तिच्या माहेरच्यांनीही मग हेच धरलं. आणि माझ्या बापाने टाक मागितला. "आई म्हणाली, एवढ्यासाठी लग्न अडायला नको. सोनाराकडून करून आणला." मी विचारलं, "आन् तुमी?" "मी मास्तर आहे, मला ह्यात काही अर्थ वाटत नव्हता," म्हणाले, "मला वाटलं, चांदीचा पत्रा आहे, घालेल." मला इंग्रजी शिकवलं तेही ह्यासाठीच, म्हणे. घरात सांगता येत नव्हतं, आई ऐकते, म्हणून दुसरी भाषा हवी होती, जिच्यात सांगता येईल. मी रस्त्यात उभी राहिले. बायका-माणसं बघायला लागली.

"एवढे दिवस लागले?" मी म्हटलं. "'नो' त तुमी पैल्याच दिवशी शिकवला होता."

 आणि खरं सांगू, ते इंग्रजीचं कारणही मला पुरतं पटलं नाही, आजही नाही. जो माणूस एका गोष्टीत इतका गोड गप्प बसतो, त्याचं दुसऱ्या गोष्टीत कसं पटावं? मी पुढे चालायला लागले आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "सहदेव तापला होता. आत्याबाई टाकाले भात भरवत होत्या. मी डोकं फोडत होती. तवा तुमाले माहीत होतं, का ती जिती हाय." देऊळ आलं होतं. मास्तरांनी वाकून जोडे काढले, हातात घेतले, नीट एकाशेजारी एक ठेवले, पुन्हा उचलून जागा बदलली. देवीपुढे मी हात जोडले नाहीत. मला कोणापुढे हात जोडायचीच भीती वाटली.

रिद्धपूरला जायचं मीच म्हटलं. मास्तर नको नको म्हणत होते, पोटुशी आहेस, रस्ता वाईट आहे. सासूबाईंना काय सांगितलं कोण जाणे. मोटारीतून आणि पुढे छकड्यातून गेलो. एका झाडाखाली त्या बायका भिक्षा मांडून बसलेल्या, काळी वस्त्रं, डोकी तासलेली. मास्तर लांब छकड्यापाशीच थांबले. मी कोणाला विचारलं नाही. मला वाटलं, मी ओळखेन. इतकी वर्षं छातीवर वागवलेली बाई, तिला कोणी दाखवावी लागते? पण मला ओळखता आलं नाही. एकीसारखी दुसरी. शेवटी नाव विचारलं तर एक दणकट बाई उठली, वयाने माझ्याहून मोठी, दातात फट, हसरी. संन्यासातलं नाव दुसरं होतं तिचं, पण कौशल्या म्हटल्यावर वळली. "दंडवत," म्हणाली.

मी तिला मी कोण ते सांगितलं. ती ऐकत राहिली. डोळ्यांत काही हललं नाही. मी पोत वर ओढून टाक दाखवला. "हे तुमी," म्हटलं. तिने हातात घेऊन उलटापालटा केला.

"मी मेली म्हून?"

"हो. रोज तुमच्या नावचा घास दावते मी. पैला."

"कावून? मी त जेवतच होती व," म्हणाली आणि हसली. वाईट नाही, अगदी साधं. मला तिच्या हसण्याचा राग यावा असं वाटत होतं, तोही येईना. मी म्हटलं, माझं पोरगं गेलं, तुमाले लई इनवणी केली होती मी. तिचा चेहरा उतरला. "बापा! कवा व? मले काई माहीत नाई माय. मी कायले कोनाचं लेकरू नेईन?" माझ्या पोटाकडे बघून तिने हात उचलला, आशीर्वादासारखा, मग बहुतेक नियम आठवला आणि खाली घेतला. मी वाट पाहिली. काही तरी विचारेल. मास्तरांचं, सासूबाईंचं, त्या घराच्या आडाचं, चुलीचं. मी चुलीपुढे बसून तिच्याशी जे जे बोलले त्यातलं एखादं तरी तिच्यापर्यंत पोचलं असेल अशी एक वेडी आशा होती मला. मी विचारलंच, "तुमाले बी म्हातारी मीठ मोजून देत होती का?" ती विचारात पडली. "आठवत नाई," म्हणाली. "लई दिस झाले." मग कोणी तरी हाक मारली आणि ती गेली. पाठमोरी, पावलं जोरात टाकत. ती माझी कोणी नव्हती.

परत येताना छकड्यात मी रडले. मास्तरांना वाटलं, सुटल्याचं रडू आहे. ते म्हणाले, "आता भीती नाही ना वाटत?"  मी माझ्या मैत्रिणीसाठी रडत होते. जी माझं ऐकायची, जिला मी सगळं सांगितलं, जी रागावून माझं पोर घेऊन गेली तरी शेवटी माझी होती, ती कुठेच नव्हती, कधीच नव्हती. तिच्यासाठी कोणी सुतक धरलं नाही. मीच धरायचं.

घरी आले ती थेट आडावर. बादली सोडली, ओढली, अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं, मयताची बातमी आल्यावर घेतात तसं. पाणी गार होतं, दात वाजायला लागले. सासूबाई धावत बाहेर आल्या. "अवं, पोटुशी बाई तू! काय झालं? कोन मेलं?"

"कौशल्या," मी म्हटलं.

त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर दारात, जोडे अजून पायात. आई-लेकांत जे काही व्हायचं ते एका नजरेत झालं. सासूबाई ओट्यावर बसल्या. मला वाटलं, आता त्या ओशाळतील, पाया पडतील, निदान रागावतील. नाही. त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, कामाचं बोलतात तशा, "भेटली का तुले? जिती असंल ती. मले माहीत हाय. पन टाक जिवाच्या नावानं केला ना माय, तो काई रिकामा राहात नाई. कोनी ना कोनी येऊन बसतेच त्याच्यात. मी कायले त्याले दही-भात केला असता मंग? मले का समजत नव्हतं?" आणि माझ्या ओल्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "तू इतके दिस घास कोनाले दावत होतीस, ते पाह्य आता. काढून टाकू नको हो एकाएकी."

थंडी पाण्याची होती की त्या बोलण्याची, मला कळलं नाही. इतकी वर्षं त्या बाईने मला फसवलं असं मी समजत होते, आणि ती तर माझ्याहून जास्त घाबरलेली होती. तिने खोटं केलं आणि त्या खोट्याला रोज जेवू घातलं. आणि माझा हात, माझाच हात, पुन्हा गळ्याशी गेला. कोण आहेस? असा प्रश्न मनात उठलाच. नावही नव्हतं आता तिला, घाबरायला तोंडही नव्हतं. पोटातलं हललं. मी मोठ्याने ओरडले असावे, कारण शेजारच्या आडावरची रहाटाची कुरकुर थांबली. "मंग माहा सहदेव कोनं नेला? सांगा! दोघांपैकी कोनी तरी सांगा!"

सासूबाईंनी माझ्या गळ्याकडे बोट केलं. सावकाश, दयेने.

"मी," मास्तर म्हणाले.

आम्ही दोघींनी वळून बघितलं. ते दारातून खाली उतरले होते, जोड्यांसकट चिखलात.

"आई, त्याच्यात कोणी नाही. बाळाला ताप होता. नुसता ताप. मला माहीत होतं. नजर नाही म्हटलं तर तुझं खोटं उघडं पडेल म्हणून मी डॉक्टरला वेळेवर बोलावलं नाही. तू भात कालवत होतीस आणि मी दारात उभा राहिलो." आवाज फुटत होता, तरी वाक्यं पुरी करत होते. सासूबाई म्हणाल्या, "असं नोको बोलू शेषराव, तिन्हीसांजेचं." ते थांबले नाहीत. माझ्या समोर आले, आणि माझ्या हातातली बादली घेऊ लागले, पण मी सोडली नाही. दोघांनी धरलेली ती बादली मध्ये हलत राहिली, पाणी दोघांच्या पायांवर सांडत राहिलं. मला त्यांना मारावंसं वाटत होतं. आणि हेही वाटत होतं की सहदेव गेल्यापासून ह्या घरात पहिल्यांदा कोणी तरी खरं माणूस माझ्यासमोर उभं आहे.

"मी," ते पुन्हा म्हणाले. आता कोणी विचारलं नव्हतं.